सत्कार नको, तास द्या

मागच्या अंकात मी एक ओझरता उल्लेख केला होता. आमच्या पेठेतल्या नगरपालिकेच्या शाळेत काही ज्येष्ठ मंडळी दर बुधवारी मुलांबरोबर तासभर बसतात, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सगळं सदर त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्तीनंतर साताऱ्यात हा तास चालवणाऱ्यांपैकी मी एक. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं काढली आहेत.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे शंभरावर सभासद आहेत. सप्टेंबर आला की जवळची शाळा आम्हाला आजी-आजोबा दिवसाला बोलावते. गुलाबाचं फूल, मुलांचं स्वागतगीत, संगीत खुर्ची, चहा-बिस्किटं आणि फोटो. पुढे वर्षभर ना आम्ही मुलांना ओळखत, ना मुलं आम्हाला. वर्षभर टिकेल असं काही करायचं, तर सुरुवात कुठून करावी?
— एका संघाचे चिटणीस, डोंबिवली

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण उणीव कुठे आहे ते तुम्हीच नेमकं लिहिलंय. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०२३ मध्ये शाळांना आजी-आजोबा दिवस साजरा करायला सांगितलं, ते चांगलंच झालं. तो दिवस बंद करू नका. पण पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाशी मुलाची ओळख होत नाही. पाहुणा खुर्चीवर, मूल सतरंजीवर आणि मध्ये माईक. ओळख व्हायला दोघांच्या मध्ये एखादं काम असावं लागतं, आणि ते काम खरं असावं लागतं.

म्हणून शाळेकडे कार्यक्रमाचा प्रस्ताव घेऊन जाऊ नका. मुख्याध्यापकांना एकच विचारा, “तुमच्या कोणत्या मुलांजवळ बसायला माणूस कमी पडतो?” उत्तर लगेच मिळेल. तिसरी-चौथीत आलेली, पण अजून अक्षर अक्षर लावून वाचणारी मुलं प्रत्येक शाळेत आहेत. वर्गात चाळीस मुलं असतील आणि प्रत्येकाचं वाचन रोज दहा मिनिटं ऐकायचं ठरवलं, तर चारशे मिनिटं लागतात. शाळेचा अख्खा दिवसही तेवढा नसतो. शिक्षक कितीही जीव तोडून शिकवणारा असो, हे गणित त्याला सुटत नाही. तुमच्या संघाकडे मात्र तीच गोष्ट भरपूर आहे. दुपारचा वेळ आणि ऐकणारे कान.

आमच्याकडे कसं चालतं ते सांगते. बुधवारी मधली सुट्टी संपली की शाळेच्या हॉलमध्ये भिंतीकडेने खुर्च्या लागतात. गुडघ्यांमुळे बहुतेकांना खाली बसता येत नाही. एका ज्येष्ठाकडे दोन मुलं. एकच असेल तर ते बुजतं, तीन झाली की वर्ग भरल्यासारखं होतं. जोडी वर्षभर तीच. पुस्तक मुलानं निवडायचं, मग ते त्याच्या इयत्तेच्या खालचं का असेना. पहिली वीस मिनिटं मुलं आळीपाळीनं वाचतात. वाक्य पुरं होईपर्यंत मोठ्यांनी चुकलेला शब्द दुरुस्त करायचा नाही, हा आमचा सर्वात कडक नियम आणि पाळायला सर्वात अवघडही. आम्हा शिक्षकांना तर फारच अवघड जातो. पण शब्दाशब्दाला टोकलं की मूल आवाज खाली आणतं आणि मग वाचायचंच थांबतं. ऐकणारं माणूस धीरानं थांबलं तर निम्म्या चुका मूल मागे येऊन स्वतःच सुधारतं.

राहिलेला वेळ गप्पांचा. तिथे काय निघेल सांगता येत नाही. आमच्यातल्या एका आजोबांनी उभं आयुष्य आडतीच्या दुकानात दिवाणजी म्हणून काढलं. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ. चारची औटकी, म्हणजे साडेतीन पट, चौदा, सहाची एकवीस, हे ते श्वास न घेता म्हणतात. मुलांनी आधी कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहिलं, आणि मग त्यांना हरवायचं म्हणून स्वतः सवायकी-दिडकी पाठ करायला लागली. अपूर्णांकाचा धडा वर्गात आला तेव्हा त्या मुलांना साडेतीन पट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही.

माणसं निवडताना ज्यांना ऐकून घ्यायला आवडतं त्यांना आधी घ्या. सहा-सात जण पुरेत. शंभर सभासदांना एकदम उतरवू नका. आणि निदान दिवाळीपर्यंत दर आठवड्याला येईन, असा शब्द घ्या. ज्यांना तब्येतीमुळे किंवा गावी जाण्या-येण्यामुळे नेम धरता येत नाही, त्यांना पुस्तकांना कव्हरं घालणं, फाटकी पुस्तकं चिकटवणं, नोंदवही ठेवणं ही कामं द्या. नेम महत्त्वाचा आहे, कारण मूल वाट बघतं. “आज माझे आजोबा का नाही आले?” हा प्रश्न चेहरा पाडून विचारणारं मूल मी पाहिलं आहे. न येणाऱ्यानं आधी कळवायचं आणि ते मुलाला सांगायचं, ही जबाबदारी चिटणीस म्हणून तुम्ही स्वतःकडे ठेवा.

संघात कुणी म्हणेल की यात आमचा काय लाभ? तर त्यांना अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराचं उदाहरण द्या. वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉ. लिंडा फ्रीड आणि समाजकार्यातले मार्क फ्रीडमन यांनी १९९०च्या दशकात ‘एक्सपीरियन्स कोअर’ नावाचा उपक्रम उभा केला. साठीपुढची माणसं सरकारी प्राथमिक शाळांत आठवड्याला १५ तास काम करत, एका शाळेत एकेकटी नाही तर गटानं, आणि पूर्ण शैक्षणिक वर्ष. फ्रीड यांनी हा उपक्रम मुलांच्या वाचनासाठी आखलाच, पण म्हाताऱ्या माणसाची तब्येत राखणारा उपक्रम म्हणूनही आखला. पहिल्या अभ्यासांत दिसलं की एरवी घरात बसून राहणारे स्वयंसेवक जास्त चालू-फिरू लागले, आणि अडीनडीला ज्यांच्याकडे जाता येईल अशी माणसं त्यांच्या आयुष्यात वाढली. मला हा दुसरा मुद्दा मोठा वाटतो. व्यायाम कर म्हणून डॉक्टर सांगतात तेव्हा आपण चार दिवस करतो. मूल वाट बघतंय म्हटल्यावर माणूस पावसातही छत्री घेऊन निघतो.

माझा मुलगा नववीत आहे. सासरे ७६ वर्षांचे, मूळचे इथल्याच शनिवार पेठेतले. दोघं एका घरात राहतात, पण बोलणं “जेवलास का?” “हो” एवढ्यावर संपतं. मुलगा सतत फोनमध्ये. शाळेत ज्येष्ठांबरोबरचा एक उपक्रम सुरू होतोय, त्यात त्याचं नाव घालू का? जबरदस्ती केली तर आणखी लांब जाईल अशी भीती वाटते.
— एक आई, पुणे

जबरदस्ती करू नका, आणि “आजोबांशी जरा बोलत जा” असंही म्हणू नका. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला नुसतं बोलायला बसवलं की तो अवघडतो. लहान मुलाला गोष्ट पुरते, मांडी पुरते. या वयाला जबाबदारी हवी असते, आणि मोठ्यांना जमत नाही ते मला जमतं हे दाखवायची जागा हवी असते.

तुमच्या घरात तर खजिना आहे. सासरे शनिवार पेठेतले आणि वय ७६, म्हणजे १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं तेव्हा ते शाळकरी मुलगा होते, तुमच्या मुलापेक्षा थोडे लहानच. मुलाला सांगा, फोनवर त्यांची मुलाखत रेकॉर्ड कर. प्रश्न मात्र नीट तयार करायला लावा. “पूर कसा होता?” असं विचारलं तर “फार भयंकर होता” एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारायचं की त्या दिवशी सकाळी घरात कोण कोण होतं, पाणी येतंय हे पहिल्यांदा कुणी सांगितलं, घरातनं पहिली वस्तू कोणती उचललीत, ती रात्र कुठे काढलीत, परत आलात तेव्हा दारात काय दिसलं. रेकॉर्डिंगच्या आधी परवानगी घ्यायची. एका वेळी अर्ध्या तासाहून जास्त नाही. त्यांना भरून आलं तर फोन बाजूला ठेवायचा आणि पाणी आणून द्यायचं. हेसुद्धा त्यानेच करायचं, तुम्ही धावून जाऊ नका.

आमच्या जिल्ह्यात हेच आम्ही ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाबद्दल करतो. पहाटेची वेळ, थंडी, अंधार, आणि घरं पडण्याचा आवाज. पाटणकडच्या माणसांना ती पहाट अजून जशीच्या तशी आठवते. नववीच्या मुलांनी एकाच गावातल्या दोन आजोबांकडून ती रात्र ऐकली आणि दोघांच्या सांगण्यात फरक निघाला. मुलं गोंधळली. मग वाचनालयात जाऊन तेव्हाची वर्तमानपत्रं काढून बसली. कोण खरं, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. दोघांनाही खरंच तसं आठवत असू शकतं, हे कळायला त्यांना आठवडा लागला. इतिहास शिकवण्यात मी उमेदीची वर्षं घालवली, पण पुराव्याची पारख मुलांना इतक्या लवकर मी वर्गात शिकवू शकले नव्हते. तुमच्या ओळखीत मुंबईच्या गिरणगावातलं कुणी असेल तर १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप आहे. गावाकडचं कुणी असेल तर १९७२ चा दुष्काळ आहे. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या बाया, सुकडी, मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी. हे सांगणारी माणसं अजून आपल्यात आहेत, आणि ती दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून मी याबाबत घाई करा असं म्हणते.

आणि फोन. ज्या गोष्टीवरून मुलगा दिवसभर बोलणी खातो, तीच त्याच्या हातात आजोबांना शिकवण्यासाठी द्या. एक नियम घालून द्या. फोन आजोबांच्या हातात राहील, शिकवणाऱ्याचं बोट स्क्रीनला लागणार नाही. तरुण मुलं मदत म्हणून फोन हातात घेतात, चार सेकंदांत काम करून परत देतात आणि ज्येष्ठ होते तिथेच राहतात. प्रत्येक कृती आजोबांनी त्यांच्या शब्दांत वहीत लिहायची, मोठ्या अक्षरांत. सुरुवात बँकेपासून करू नका. त्यांना जे हवंय तिथून करा. लांब राहणाऱ्या नातीचा व्हिडिओ कॉल असेल, आवडतं कीर्तन असेल, जुनं नाट्यगीत असेल. पैशांचे व्यवहार नंतर. तेव्हाही पिन आणि ओटीपी नातवालासुद्धा सांगायचा नाही, हे नातवानेच आजोबांना बजावायचं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा, हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

शाळेच्या उपक्रमात नाव घालायचं की नाही, ते या सगळ्यानंतर त्यालाच ठरवू द्या. मला वाटतं तो जाईल.

मी चौथीपर्यंत शिकले. वय ७४. मंडईत भाजी विकून तीन पोरं मोठी केली. गल्लीतल्या शाळेनं “आजी, मुलांमध्ये येऊन बसा” म्हणून बोलावलंय. सून म्हणते जा. पण ती इंग्रजी शाळेतली पोरं, त्यांना माझ्यासारखीनं काय द्यायचं? लाज वाटते. हे पत्र नातीकडून लिहून घेतलंय.
— एक वाचक, कराड

आक्का, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि आमच्या बुधवारच्या गटालाही वाचून दाखवलं. तुम्ही नक्की जा.

तुम्ही मंडईत बसून केलेला हिशेब कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. ऐंशी रुपये किलोची गवार, गिऱ्हाईक मागतं पावणेदोन पाव, हातात पाचशेची नोट, मागे आणखी दोघी उभ्या, आणि तुम्ही तराजू खाली ठेवायच्या आत परत द्यायचे पैसे मोजलेले असतात. मुलांना तेच करायला लावा. वर्गात खोटी मंडई मांडा. खरा तराजू आणि वजनं घेऊन जा. पूर्वी शेर आणि पायलीनं मोजायचे तेही सांगा. पालेभाजीची जुडी बांधायची कशी, वांगं किडकं आहे हे न कापता ओळखायचं कसं, कोणती भाजी कोणत्या महिन्यात खावी. पावसाळ्यात गेलात तर टाकळा, कुर्डू, करटोली, घोळ, पाथरी या रानभाज्या घेऊन जा आणि मुलांना हातात घेऊ द्या, वास घेऊ द्या. बाईंना आधी सांगून ठेवा म्हणजे त्या चित्रकलेचा तास त्याला जोडून देतील.

आणि काहीच न नेता गेलात तरी चालेल. एखादं मूल तुम्हाला वाचून दाखवील, तुम्ही ऐका. इंग्रजी वाचून दाखवलं तर “याचा अर्थ काय रे?” म्हणून विचारा. तुम्हाला खरंच माहीत नाही, म्हणून तुमचा प्रश्न खरा असेल. शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकांना माहीत असतं हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. तुम्हाला सांगताना त्यांना समजून सांगावं लागेल, आणि त्यातच त्यांचा अभ्यास होईल.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथले जिल्हा परिषद शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ ला, महिला दिनाच्या दिवशी, आजीबाईंची शाळा सुरू केली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी शाळेत जाऊ लागल्या. अंगठ्याच्या जागी सही आली. मला त्यातली सर्वात आवडती गोष्ट म्हणजे घरचा अभ्यास. नातवंडं आजीचा अभ्यास घेतात. आजीला ‘क’ काढून दाखवणाऱ्या नातवाला स्वतःचं शिक्षण केवढं मोलाचं वाटलं असेल, याचा विचार करा. तुमच्या नातीनं हे पत्र किती नेटकं लिहिलंय. पुढचं पत्र तिला शेजारी बसवून तुम्ही लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी मी छापीन.

आमच्या शाळेत परिसरातले ज्येष्ठ नागरिक स्वयंसेवक म्हणून येण्यास उत्सुक आहेत. कल्पना आवडली आहे. पण बाहेरची माणसं आणि लहान मुलं म्हटलं की मुख्याध्यापक म्हणून माझी झोप उडते. काही झालं तर जबाबदार मी. नाही म्हणावं का?
— एक मुख्याध्यापिका, कोल्हापूर

नाही म्हणू नका, पण तुमची काळजी योग्य आहे आणि ती बाजूलाही सारू नका. पांढरे केस हे चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे. हे मी आमच्या संघातही स्पष्ट बोलते. चांगल्या माणसाला नियमांचा राग येत नाही. ज्याला येतो त्याला घेऊ नका.

आमच्याकडचे नियम असे. येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र, पत्ता, ओळखीच्या दोघांचा हवाला आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. बसायचं ते उघड्या हॉलमध्ये किंवा दार उघडं असलेल्या वर्गात, शाळेचा एक शिक्षक नजरेच्या टप्प्यात. कोणत्याही ज्येष्ठानं कोणत्याही मुलाला एकट्याला घेऊन कुठे जायचं नाही. स्वच्छतागृहाकडेही नाही, घरी सोडायलाही नाही, दुचाकीवर तर मुळीच नाही. मुलांचे फोन नंबर घ्यायचे नाहीत, खासगी संदेश पाठवायचे नाहीत. पैसे, खाऊ, भेटवस्तू एकट्या मुलाला द्यायच्या नाहीत. सणाला काही वाटायचं असेल तर सगळ्यांना, शिक्षकांच्या हातून. फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय काढायचा नाही. मुलाला जवळ घ्यायचं की नाही हे मूल ठरवील. एखाद्याला गालगुच्चा आवडत नाही, तर नाही. आपल्या पिढीला हे नवं वाटतं, पण सांगितलं की कळतं.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि त्याच्या १९व्या कलमानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा शंका असेल तर ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. स्वयंसेवकांच्या पहिल्याच बैठकीत हे वाचून दाखवा. मुलांना १०९८ हा बालकांच्या हेल्पलाइनचा क्रमांक पाठ असू द्या.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. विश्वास बसला की ज्येष्ठही मन मोकळं करतात. घरी जेवायला देत नाहीत, पेन्शन काढून घेतात, असं एखादी आजी मुलापाशी बोलून जाते आणि मूल ते ओझं घेऊन घरी जातं. असं ऐकलं तर बाईंना सांगायचं, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. तो क्रमांक हॉलच्या भिंतीवर लावा.

आम्ही मित्र वाढदिवसाला वृद्धाश्रमात जातो, केक कापतो, सोबत लहान भाचे-पुतणे नेतो. पण निघताना काही आज्या रडतात आणि मुलं परतताना गप्प असतात. आपण बरं करतोय की वाईट, हेच कळेनासं झालंय.
— एक वाचक, वय २६, नाशिक

तुमच्या मनात हे आलं, म्हणजे तुम्ही नीट बघता आहात. रडू येतं त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं की तुम्ही पुन्हा येणार नाही हे त्यांना माहीत असतं. वर्षभर वेगवेगळे गट येतात, वेगवेगळे केक कापतात, आणि त्यांचं नाव कुणालाच माहीत नसतं.

केक बंद करा आणि तारीख ठरवा. महिन्यातून एकच रविवार, पण तीच चार मुलं आणि त्याच चार आज्या. काहीतरी एकत्र करायचं. शेंगा सोलणं, वाती वळणं, सागरगोटे, पत्ते, अळूच्या वड्या वळणं. सागरगोट्यांत आजीचा हात अजून मुलाच्या हातापेक्षा चपळ असतो हे पाहून मुलं चकित होतात. आश्विनात भोंडल्याला मुलींना घेऊन जा. तिथे गाणी त्या म्हणतील आणि खिरापत ओळखायला तुम्हाला लावतील. निघताना पुढची तारीख मुलानं स्वतः कॅलेंडरवर लिहायची. मुलांना एकच गोष्ट आधी बजावा. “तुम्हाला इथे कुणी ठेवलं?” हा प्रश्न विचारायचा नाही. ज्यांना सांगायचं असेल त्या आपणहून सांगतात.

एखादीला विसरण्याचा आजार असेल तर मुलांना तो साध्या शब्दांत समजावून न्या. दर वेळी नाव विचारलं तर दर वेळी सांगायचं. मुलांना ते जमतं. तेच वाक्य सातव्यांदा ऐकताना त्यांना मोठ्यांइतका त्रास होत नाही. टोकियोच्या एदोगावा भागात ‘कोतोएन’ या संस्थेनं १९८७ पासून वृद्धाश्रम आणि बालवाडी एकाच छपराखाली आणली आहे. मुलं आणि म्हातारी माणसं सकाळी एकत्र कवायत करतात. ही रोजची ये-जा असल्यामुळे तिथे निरोपाचं रडू कशाला येईल? आपल्याकडे वृद्धाश्रम गावाबाहेर आणि शाळा गावात, ही मूळ अडचण आहे. नव्या वास्तूंचे आराखडे करणाऱ्यांनी याचा विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोवर तुमच्यासारख्यांची गाडी आणि महिन्याचा एक रविवार, एवढा पूल तरी राहू द्या.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलं रविवारी मराठी शाळेत जातात, पण मराठी बोलायला घरात आम्ही दोघंच. आजी-आजोबा वर्षाआड येतात. काही सुचवाल?
— एक वाचक, अमेरिका

घरचेच आजी-आजोबा हवेत असं नाही. २००९ मध्ये शिक्षणतज्ज्ञ सुगाता मित्रा यांनी ब्रिटनमधल्या लोकांना आवाहन केलं, आणि त्यातून ‘ग्रॅनी क्लाउड’ उभा राहिला. निवृत्त शिक्षिका आणि इतर मंडळी स्काइपवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारत, गोष्टी वाचून दाखवत. आमच्याच जिल्ह्यातल्या फलटणची मुलं त्यात होती. तुम्ही तीच दिशा उलटी करा. इथल्या एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाशी तुमची मराठी शाळा जोडून घ्या. तुमची रविवारची सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ, वेळ छान जुळते. तास अर्धाच ठेवा, पालक त्याच खोलीत असू द्या, आणि विषय ‘मराठी’ ठेवू नका. मुलांना थालीपीठ शिकायचं असेल, क्रिकेटवर वाद घालायचा असेल, भुताची गोष्ट ऐकायची असेल, ते ठेवा. भाषा त्या ओघात येईल. मुलांनी मध्ये इंग्रजी वापरलं तर आजोबांनी हसू नये, एवढं इथल्या संघाला मी स्वतः सांगेन. संपादकांमार्फत कळवा, आमच्या गटातले काही जण तयार आहेत.

आमच्या गटात निम्म्या लोकांना पेन्शन नाही. शाळा दोन किलोमीटरवर. रिक्षाचे पैसे मागणं शोभतं का?
— एक वाचक, सोलापूर

शोभतं, आणि मागायलाच हवेत. नाहीतर हे काम फक्त पेन्शनवाल्यांचं होईल आणि भाजीवाल्या आक्का, गवंडीकाम केलेले आजोबा घरी राहतील. मुलांचं त्यात फार नुकसान आहे. अमेरिकेत १९६५ पासून ‘फॉस्टर ग्रँडपेरेंट’ ही सरकारी योजना चालते. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मुलांबरोबर काम करण्याबद्दल तिथे थोडं मानधन मिळतं, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आमच्याकडे संघाच्या वर्गणीतून एक छोटी रक्कम बाजूला काढतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला रिक्षाचे पैसे देतो. ज्यांना नको असतात ते परत पेटीत टाकतात. कुणी घेतले आणि कुणी टाकले याची नोंद ठेवत नाही. पहिल्या बैठकीतच हे ठरवून टाका, आणि पैसे दर वेळी निघायच्या आधी द्या. महिनाअखेर मागायला लावू नका.